सलोखा: निर्णय पक्षकारांच्याच हाती

हा बांध पाहा. पूर्वी यावरून बैलजोडी चालत असे. आज एकट्या माणसालाही जपून पाऊल टाकावे लागते. दोन्ही बाजूंनी दर हंगामात नांगराचे तास थोडे थोडे आत सरकत गेले, बांध कोरला गेला, आणि एका सकाळी बांधावरची बाभूळ कोणाची यावरून भावकीत शब्दाला शब्द लागला. मराठवाड्यातील शेतीचे अनेक वाद असेच सुरू होतात आणि पुढे सरकारी मोजणी, तहसील आणि तालुका न्यायालय अशी वाट धरतात.

कायद्याने या वादांसाठी ठिकाणे ठरवून दिलेली आहेत. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. बांधावरून नवा रस्ता हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. मालकीचाच प्रश्न असेल, तर दिवाणी न्यायालय आहे. तेथे पुरावा तपासला जातो, एकाची बाजू खरी ठरते, दुसरा वरच्या न्यायालयात जातो, आणि काही प्रकरणे औरंगाबाद खंडपीठापर्यंत पोहोचतात. न्यायालयाचे काम तेच आहे आणि ते आवश्यकही आहे. परंतु ज्याच्या बाजूने निकाल लागला, त्यालाही दुसऱ्या दिवशी त्याच सामाईक विहिरीवर मोटार चालू करायला जायचे असते, आणि पाण्याची पाळी कशी लावायची याचे उत्तर मालकीच्या निकालात सापडत नाही.

सलोखा येथे उपयोगी पडतो. दोन्ही पक्षांनी स्वेच्छेने मान्य केलेली तटस्थ व्यक्ती, म्हणजे सलोखाकार, दोघांचे म्हणणे एकत्र आणि गरज पडल्यास स्वतंत्रपणे ऐकते, हक्क, प्रथा आणि परिस्थिती विचारात घेते आणि तडजोडीचा मार्ग सुचवते. सलोखाकार प्रस्ताव मांडू शकतो, पण तो लादू शकत नाही. लवादाचा निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असतो. सलोख्यात मात्र दोघांची सही होईपर्यंत कोणीही कशालाही बांधील नसतो, आणि कोणताही पक्ष लेखी कळवून बाहेर पडू शकतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९८० मध्ये सलोख्याचे नियम तयार केले, आणि भारताने लवाद व सलोखा कायदा, १९९६ च्या तिसऱ्या भागात ही पद्धत कायद्याच्या चौकटीत बसवली. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांना ती त्याआधीपासून परिचित आहे, कारण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच सलोखा अधिकाऱ्याची तरतूद होती. न्यायालयात चालू असलेला दिवाणी दावाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नुसार सलोख्याकडे पाठवता येतो. मात्र त्यासाठी दोन्ही पक्षांची संमती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. २०२३ च्या मध्यस्थता कायद्याने तर मध्यस्थतेच्या व्याख्येतच सलोख्याचा समावेश केला आहे.

या पद्धतीतील सर्वांत मोलाची तरतूद गोपनीयतेची आहे, असे आम्हाला वाटते. बैठकीत एखाद्या भावाने, ‘नांगराचे दोन तास माझ्याकडून आत गेले असतील,’ असे कबूल केले आणि पुढे तडजोड फिसकटली, तरी ते शब्द न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून आणता येत नाहीत. सलोखाकारालाही साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही. हे संरक्षण नसते, तर वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोललेल्या माणसांनी तोंडच उघडले नसते.

मराठवाड्यातील गावांना पारावर बसून तंटा मिटवण्याची परंपरा आहे, आणि १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तिला शासकीय रूप दिले. परंतु गावकीचा दबाव आणि सलोखा यांत अंतर आहे, आणि ते पुसले जाऊ नये. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात लिहिले गेले. तरीही माहेर तुटेल या भीतीपोटी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि चारचौघांत त्याला समजूतदारपणा म्हटले जाते. आपला हक्क किती, हे जिला सांगितलेच गेले नाही, तिची सही ही संमती नव्हे.

शेतजमिनीच्या एका गुंतागुंतीवर राज्य शासनाने २०२३ मध्ये ‘सलोखा’ याच नावाची योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे आणि दुसऱ्याची पहिल्याच्या नावे, पण प्रत्यक्ष कसणारे उलटेपालटे, अशी स्थिती अनेक गावांत आहे. असा परस्पर ताबा किमान १२ वर्षांचा असेल आणि दोघे राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्तासाठी नाममात्र १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी ठेवण्यात आली. त्यासाठी तलाठी व मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात. दोघांपैकी एकानेही नकार दिला, तर योजना लागू होत नाही.

तडजोड झाल्यावर ती कागदावर नेमकी उतरणे फार महत्त्वाचे असते. १९९६ च्या कायद्याने सह्या झालेल्या सलोखा कराराला लवादाच्या निवाड्याइतकाच दर्जा दिला, म्हणून त्यातील प्रत्येक वाक्याची अंमलबजावणी मागितली जाऊ शकते. ‘विहिरीचे पाणी दोघांनी समजुतीने घ्यावे’ असे लिहिलेला कागद पहिल्याच उन्हाळ्यात निरुपयोगी ठरतो. पाळी कोणत्या वारी बदलणार, रात्री लाइट गेली तर बुडालेले तास कोणाच्या हिशेबात धरायचे, मोटार जळाल्यास खर्चाची वाटणी कशी, विहिरीतला गाळ कोणी आणि केव्हा काढायचा, पाणी तळाला गेल्यावर आधी जनावरांना की उभ्या उसाला, हे सर्व त्या करारात तपशिलाने यावे लागते, आणि सही करण्यापूर्वी तो दोन्ही घरांतील माणसांना मोठ्याने वाचून दाखवावा लागतो.