डार्विन बाबा आणि त्याची बाग

नमस्कार मंडळी. १९ एप्रिल १८८२ ला चार्ल्स डार्विन गेला, त्याच्या स्मृतिदिनाच्या निमित्तानं आज बोलायला बोलावलंत आणि तेही कुंड्या-खतं-कलमं यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या लोकांनी, याचा मला फार आनंद आहे. कारण माझी एक जुनी तक्रार आहे. डार्विन म्हटलं की आपल्याकडे पुढचा शब्द येतो माकड. शाळेच्या पुस्तकात पांढरी दाढी, खाली माकडांची रांग, संपला डार्विन. अहो, पण हा माणूस १८४२ मध्ये लंडन सोडून केंट परगण्यात डाऊन नावाच्या खेड्यात राहायला गेला तो मरेपर्यंत तिथेच राहिला, आणि त्या चाळीस वर्षांत त्यानं सगळ्यात जास्त मन लावून कुठल्या दोन गोष्टी वाढवल्या असतील तर एक मुलं आणि दुसरी रोपं. जाहीर केलेला विषय आहे ‘मुलांच्या काळजीतून फुलांच्या प्रयोगाकडे’. तिथे येतोच, पण आधी घरात तर शिरूया.

बायको एमा. डार्विनची आई आणि एमाचे वडील सख्खे भाऊबहीण, म्हणजे एमा ही त्याची सख्खी मामेबहीण. मामाची मुलगी करून आणणं आपल्याला नवीन नाही, या खोलीतही दोनतीन जोड्या असतील. तर १८३८ मध्ये यानं लग्न करावं की नाही याचा चक्क कागदावर हिशोब मांडला, एका बाजूला पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, वेळ वाया जाईल, दुसऱ्या बाजूला म्हातारपणी सोबत, ‘कुत्र्यापेक्षा तरी बरी’ (हसा हसा, एमाही हसली असती), आणि शेवटी लिहिलं की लग्न करायचं. जानेवारी १८३९ मध्ये केलंही. पुढे जन्मभर रोज रात्री दोघं बॅकगॅमनचे, म्हणजे फाशांच्या एका पटखेळाचे, दोन डाव टाकायची आणि हा जिंकण्याहरण्याची नोंद ठेवायचा. १८७६ मध्ये एका अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ मित्राला पत्रात कळवतो की बिचारीनं २४९० डाव जिंकलेत आणि मी, हुर्रे हुर्रे, २७९५! सदतीस वर्षांच्या संसारानंतर ज्याला असं हुर्रे लिहावंसं वाटतं तो माणूस मला फार आवडतो.

मुलं दहा झाली. त्या काळातला इंग्रज बाप म्हणजे मुलांनी लांबून बघायचा, पण इथे जिन्यावरून घसरायला लाकडाची घसरगुंडी करून घेतलेली, आजारी पोराला अभ्यासिकेतल्या सोफ्यावर पांघरूण घालून झोपवायचं आणि शेजारी याचं काम चालू. चार वर्षांच्या एका मुलानं तर कामाच्या वेळात खेळायला यावं म्हणून बाबाला सहा पेन्सची लाच देऊ केली होती. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या त्याच्या जातींच्या उगमावरच्या गाजलेल्या पुस्तकाच्या हस्तलिखिताची जी थोडी पानं आज उरलीत त्यातल्या एका पानाच्या मागे मुलानं चित्र काढलंय, फळांवर आणि भाज्यांवर स्वार झालेल्या सैनिकांची लढाई. जगाची समजूत बदलणारं पुस्तक, आणि त्याचे कागद पोरांना रंगवायला!

आता माझी आवडती गोष्ट, ती लांबेल, लांबू दे. १८५५ साल. डार्विनला प्रश्न पडलेला की समुद्रातल्या एकाकी बेटांवर झाडं पोचली कशी. बिया पाण्यातून वाहत जात असतील का? पण खाऱ्या पाण्यात बी जगतं का हे कुणी करूनच पाहिलेलं नव्हतं. मग यानं बाटल्यांत मिठाचं पाणी भरलं, त्यात बिया टाकल्या, हळीव, मुळा, कोबी, लेट्युस, गाजर, सेलरी, कांदा, म्हणजे तुमच्याआमच्या परसातलाच माल, काही बाटल्या उघड्यावर, काही बर्फाच्या टाकीत. दर काही दिवसांनी थोड्या काढायच्या, मातीत पेरायच्या, बघत बसायचं. त्याचा जिवलग मित्र हूकर, पुढे लंडनच्या क्यू वनस्पती बागेचा संचालक झाला तो, त्याला वाटत होतं बिया मरणार. आणि घरातली पोरं येताजाता विचारायची, बाबा, तुम्ही डॉक्टर हूकरना हरवणार का? पाण्याला घाण वास मारायला लागलेला, पाणी बदलतोय, पेरतोय, पोरांना निकाल सांगतोय. निकाल काय, तर ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहून उगवले! काही तर १३७ दिवसांनीही उगवल्या. पोरं खूश. आणि मग लक्षात आलं की अरे, या बिया पाण्यात बुडतात, तरंगतच नाहीत, मग वाहून जाणार कशा? तेव्हा हूकरला लिहितो की या कृतघ्न बदमाशांना खारवण्याची सगळी मेहनत फुकट गेली. बियांना बदमाश! मग पुढे फळांसकट वाळवलेल्या फांद्या तरंगवून पाहिल्या, त्या जास्त दिवस तरंगल्या, तो भाग आज सोडतो.

भुंग्यांचंही तसंच. भुंगे काही ठरावीक ठिकाणी थांबून गुणगुणत पुढे जातात हे मुलांच्या मदतीनं शोधलं, पाचसहा मुलं एकेका जागेपाशी उभी, भुंगा दिसला की ओरडायचं ‘इथे आला!’, अंगावर पीठ भुरभुरवायचं म्हणजे ओळखता येतो. प्रयोगशाळा म्हणजे ही पोरं आणि डब्यातलं पीठ.

आणि ॲनी. ॲनीबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. ही मोठी मुलगी, बाबाचे केस तासन्‌तास विंचरून ‘सुंदर’ करायची, गुपचूप चिमूटभर तपकीर चोरून आणून द्यायची, बाबा बागेच्या कडेच्या वाटेवर फेऱ्या मारायला निघाला की पुढे गिरक्या घेत जायची. १८५१ च्या एप्रिलमध्ये दहाव्या वर्षी ती माल्व्हर्न गावी वारली. डार्विन तिच्या उशाशी होता, एमा घरी, दिवस भरत आलेले. गेल्यावर आठवड्याभरात त्यानं तिच्या आठवणी लिहून काढल्या, त्यात हे केस आणि ही तपकीर सगळं आहे, विसरायचं नाही म्हणून लिहिलेलं. घराचा आनंद गेला आणि म्हातारपणाचा आधार गेला, असं त्यात लिहिलंय. तिच्या आधी एक तान्ही मुलगी गेलेली. आणि २८ जून १८५८ ला दीड वर्षाचा चार्ल्स तांबड्या तापानं गेला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि दुसरा निसर्गअभ्यासक वॉलेस यांचा नैसर्गिक निवडीचा तो प्रसिद्ध सिद्धांत वाचला गेला तेव्हा डार्विन तिथे नव्हता. तो बाळाला मूठमाती देत होता.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं. लाजाळूचं राहिलं, दवबिंदूचंही जवळजवळ राहिलंच. आपल्या कास पठारावर पावसाळ्यात जी दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती दिसते तिच्याच विलायती भावंडाला यानं कच्चं मांस, अंड्याचा पांढरा बलक, दूध असलं काय काय भरवलं, आणि जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा मला याची जास्त पर्वा आहे असं मित्राला लिहिलं. एमा म्हणाली, याला तो प्राणी ठरवूनच थांबणार बहुतेक.

आता मूळ मुद्दा, पटापट. तीन मुलं गेली, उरलेली सात सतत आजारी, आणि डार्विनच्या मनात एक काटा की आपण मामेबहिणीशी लग्न केलं त्याचं तर हे फळ नाही ना. योगायोगानं बागेत लिनॅरिया या फुलझाडाचे दोन मोठे वाफे शेजारी शेजारी लावले होते, एकात स्वतःच्याच परागानं धरलेल्या बियांची रोपं, दुसऱ्यात दुसऱ्या झाडाच्या परागानं धरलेल्यांची. दुसरी रोपं उघड उघड उंच आणि दणकट. प्रयोग भलत्याच गोष्टीसाठी होता, पण हे बघून तो अकरा वर्षं याच्यामागे लागला. फुलांवर जाळी टाकायची म्हणजे कीटक येत नाही, स्वतः पराग लावायचा, बिया धरायच्या, एकाच कुंडीच्या दोन बाजूंना दोन्ही प्रकारची रोपं लावायची म्हणजे माती-पाणी-ऊन सारखं, आणि उंची मोजायची. मॉर्निंग ग्लोरीच्या वेलीच्या दहा पिढ्या अशा काढल्या. परपरागाच्या रोपांची उंची १०० धरली तर स्वपरागाची ७७. सहाव्या पिढीत स्वपरागाचं एक रोप मात्र जोडीदाराच्या अर्धा इंच पुढे गेलं, त्याचं नाव यानं ठेवलं ‘हीरो’. १८७६ मध्ये हे पुस्तकरूपात आलं. मधल्या काळात, १८७० मध्ये, जनगणनेत चुलत-मामे लग्नांचा प्रश्न घाला म्हणून शेजारी खासदार लबॉक यांच्यामार्फत प्रयत्न केला, पार्लमेंटनं नाकारलं, मग मुलगा जॉर्ज यानं स्वतः आकडे जमवले आणि १८७५ मध्ये मांडलं की परिस्थिती बरी असेल तर धोका थोडाच असावा. बापाच्या मनातल्या काट्याचं उत्तर मुलगा शोधतोय, मला याहून मोठं घरगुती विज्ञान माहीत नाही.

शेवटचं. १८७६ मध्ये तिसरा मुलगा फ्रान्सिस याची बायको बाळंतपणात गेली, तो तान्ह्या बर्नार्डला घेऊन आईवडिलांकडे परत आला. बापानं त्याला कामाला घेतलं. दोघांनी मिळून गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकावर टोप्या घातल्या, टोक झाकलं की कोंब उजेडाकडे वळत नाही, खालचा भाग झाकला तर वळतो, म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकतं खालचं. १८८० मध्ये दोघांच्या नावानं पुस्तक निघालं, पुढे ऑक्झिन या संप्रेरकाचा शोध याच धाग्यावर लागला. नवरात्रात घट बसवला की धान्य खिडकीकडे कललेलं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मागच्या टेबलावर गव्हाच्या दोन वाट्या ठेवल्यात, एकीतल्या कोंबांना चांदीच्या कागदाच्या टोप्या आहेत, दुसरीत नाहीत, सकाळपासून दोन्ही एकाच दिव्याच्या बाजूला आहेत. चहा घेताना बघा, टोप्या काढू नका, काढायच्या असतील तर काकूंना विचारून काढा, वाट्या त्यांच्या आहेत.