पर्लबाईंनी हाक मारली म्हणून

नमस्कार श्रोतेहो.

आज २७ मे. ऑस्ट्रेलियात आजपासून ३ जूनपर्यंत रिकन्सिलिएशन वीक, म्हणजे तिथले आदिवासी आणि इतर यांच्यातल्या सलोख्याचा आठवडा पाळतात. तुमच्यापैकी जे सिडनी-मेलबर्नकडे राहतात, त्यांची मुलं शाळेतून एखादं चित्र रंगवून घरी आणतीलच. तारीख निवडली आहे ती १९६७च्या सार्वमतावरून. त्या दिवशी ९०.७७ टक्के मतदारांनी घटनेतली आदिवासींबद्दलची कलमं बदलायला होकार दिला. हा देश घटनेला हात लावू देत नाही म्हणतात ते खरंच आहे. आजवर ४५ प्रस्ताव लोकांपुढे आले, मंजूर झाले आठ. आणि त्या आठांत एवढं घसघशीत बहुमत दुसऱ्या कशालाच मिळालेलं नाही.

या सार्वमताचं नाव काढलं की फेथ बँडलर यांचं नाव येतं. न्यू साउथ वेल्समधला प्रचार त्यांनी सांभाळला होता. पण फेथबाई आदिवासी नव्हत्या, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांचे वडील वानुआतूमधल्या अँब्रिम बेटावरचे. १८८३ साली कोवळ्या वयात त्यांना पळवून आणलं आणि क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यात जुंपलं. मग या बाई दुसऱ्यांच्या लढ्यात आल्या कशा? त्यांना बोलावून घेतलं पर्ल गिब्ज यांनी. आज मला बोलायचं आहे ते या पर्लबाईंबद्दल.

पर्लबाईंचा जन्म १९०१चा. आई आदिवासी, वडील गोरे. सिडनीत त्या लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी करायच्या. तिथे त्यांना अशा मुली भेटल्या, ज्यांना सरकारी मंडळाने आईबापांपासून तोडून घरकामाला धाडलं होतं. तिथून त्यांनी जे अंगावर घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. नाउराकडे वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या, सिडनीच्या डोमेन मैदानावर भाषणं केली. १९३८च्या २६ जानेवारीला, गोऱ्यांच्या आगमनाची दीडशे वर्षं सगळं शहर साजरी करत असताना, आदिवासींनी एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये शोकदिन पाळला. सभा यांची, हॉल यांनी घेतलेला, पण पुढच्या दाराने आत येऊ दिलं नाही. सगळे मागच्या दाराने आले. त्या दिवसामागे राबलेल्या मंडळींत पर्लबाई होत्या.

आणि आता खास आपल्या माध्यमाची गोष्ट. १९४१च्या जूनमध्ये पर्लबाई रेडिओवर बोलल्या. आपल्या लोकांची बाजू रेडिओवरून मांडणारी ही पहिलीच आदिवासी स्त्री. संधी दिली होती थिऑसॉफिकल सोसायटीने. हो, तीच, आपल्या अ‍ॅनी बेझंटबाईंची, अड्यारची. भाषणाच्या सुरुवातीला पर्लबाईंनी सोसायटीचे आभार मानले, आपली आजी आदिवासी होती याचा अभिमान आहे असं सांगितलं आणि मग गोऱ्यांच्या १५३ वर्षांच्या क्रौर्याचा हिशेब श्रोत्यांपुढे मांडला. आड पडदा नाही, आर्जव नाही. युद्ध चालू असताना, गोऱ्यांच्या दिवाणखान्यातल्या रेडिओवर! माइकसमोर बसणाऱ्या कुणालाही विचारा, याला काय छाती लागते ते.

१९५६ साली त्यांनी फेथबाईंना गाठलं. एक संघटना काढायची, आदिवासी आणि इतर अशा दोघांची मिळून, हा विचार पर्लबाईंचा. आदिवासींनी कितीही घसा कोरडा केला तरी मतं गोऱ्यांच्या हातात होती, हे त्या वीस वर्षांच्या अनुभवाने जाणून होत्या. त्यातून अ‍ॅबोरिजिनल-ऑस्ट्रेलियन फेलोशिप उभी राहिली. मग येऊन मिळाल्या जेसी स्ट्रीट, न्यू साउथ वेल्सच्या मुख्य न्यायाधीशांच्या पत्नी. या बाईंचा जन्म आपल्या रांचीचा, वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये. घटना बदलल्याशिवाय काही हलणार नाही आणि त्यासाठी लाखभर सह्या लागतील, हा हट्ट जेसीबाईंचा. २९ एप्रिल १९५७ रोजी सिडनी टाउन हॉलमध्ये सह्यांच्या मोहिमेला सुरुवात झाली. पुढे दहा वर्षं सह्या, सभा, पत्रकं. कंटाळवाणं काम. अशा कामाचे फोटो कुणी काढत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. १९६७ने आदिवासींना मताचा हक्क दिला, असं सर्रास सांगतात. संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क त्यांना १९६२मध्येच मिळाला होता. सार्वमताने दोन गोष्टी झाल्या. खानेसुमारीत त्यांना मोजू नये असं सांगणारं कलम १२७ गेलं, आणि त्यांच्यासाठी कायदे करायला केंद्र सरकारला जी आडकाठी होती ती निघाली. पुढे २०२३च्या सार्वमतात आदिवासींच्या सल्लागार मंडळाचा प्रस्ताव सपशेल पडला. त्याची कारणं अनेक सांगतात. मला विचाराल तर दहा वर्षं दारोदार फिरण्याला पर्याय सापडलेला नाही.

फेथबाईंचं कौतुक पुढे पुष्कळ झालं. २०१५ साली त्या गेल्या तेव्हा सिडनी विद्यापीठाच्या ग्रेट हॉलमधून त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला गेला. पण सार्वमताची कथा सांगताना पर्ल आणि जेसी यांचा वाटा त्या आवर्जून सांगत. दुसऱ्याच्या लढ्यात सामील होऊन नाव मोठं झाल्यावर असं वागायला जमतं, ते थोड्यांनाच. १९७४पासून त्या स्वतःच्या वडिलांच्या लोकांसाठी, बेटांवरून आणलेल्या त्या मजुरांच्या वंशजांसाठी झटू लागल्या.

पर्लबाई न्यू साउथ वेल्समधल्या डब्बो शहरात होत्या. १९६०मध्ये तिथे त्यांनी एक वसतिगृह काढलं. लांबून इस्पितळात आणलेल्या आदिवासी रुग्णांच्या नातलगांना रात्री टेकायला जागा नसे, म्हणून. गोदी कामगारांच्या युनियनने पैशांची मदत केली. त्या १९८३ साली गेल्या, डब्बोतच. त्याच वर्षी फेथबाईंनी लेन फॉक्स यांच्याबरोबर फेलोशिपचा इतिहास लिहून पुस्तकरूपाने काढला.

नमस्कार.