पोस्टमनने लिहिलेली गाणी

[दृश्य: शिकागोच्या पश्चिमेचं मेवूड उपनगर. हिवाळ्यातली सकाळ. फुटपाथच्या कडेला एक हिरवी लोखंडी पेटी.]

ही पेटी पत्रं टाकायची नाही. पोस्टमनच्या थैलीत एका वेळी सगळं टपाल मावत नाही, म्हणून पुढच्या गल्ल्यांची पत्रं आधीच अशा पेटीत आणून ठेवायची पद्धत होती. थैली रिकामी झाली की पोस्टमनने इथे यायचं, कुलूप काढायचं, थैली भरायची आणि पुन्हा चालू लागायचं. पेटी चांगली मोठी. माणूस अंग चोरून आत बसला तर मावेल एवढी.

साठच्या दशकाच्या अखेरीस मेवूडचा एक तरुण पोस्टमन खरोखरच अशा पेटीचा आडोसा घ्यायचा. शिकागोचं बोचरं वारं चुकवत आत बसायचा, डब्यातलं हॅम सँडविच खायचा, आणि डोक्यात घोळत असलेल्या ओळी जुळवायचा. फेरी त्याला इतकी पाठ झाली होती की पाय आपोआप वळायचे आणि डोकं मोकळं राहायचं. टपालाची फेरी म्हणजे पुस्तकं नसलेलं वाचनालय, असं तो पुढे अनेकदा सांगायचा.

त्याचं नाव जॉन प्राइन. पुढे अमेरिकेतला नावाजलेला गीतकार-गायक.

[दृश्य: शिकागो, आर्मिटेज अव्हेन्यू. संध्याकाळ.]

जन्म 10 ऑक्टोबर 1946. आई-वडील मूळचे केंटकीचे, पोटासाठी शिकागोकडे आलेले. वडील कारखान्यात साचे आणि हत्यारं घडवणारे कारागीर. चौदाव्या वर्षी थोरल्या भावाने, डेव्हने, गिटार हातात दिली. पुढे सैन्यात भरती झाली. बरोबरीची मुलं व्हिएतनामला गेली आणि हा पश्चिम जर्मनीत लष्करी गाड्या दुरुस्त करत राहिला. परत आला आणि पुन्हा टपालाची थैली खांद्याला.

आर्मिटेज अव्हेन्यूवर फिफ्थ पेग नावाचा एक छोटा क्लब होता. तिथे ठरावीक रात्री कुणीही उठून गावं अशी सोय असायची. प्राइन एकदा श्रोता म्हणून बसला होता. गाणाऱ्यांबद्दल काहीतरी पुटपुटला. शेजारचा म्हणाला, एवढं कळतं तर तूच जा ना वर. हा गेला. तीन गाणी गायला. गाणी संपली आणि खोलीत चिडीचूप. कुणी टाळी वाजवेना, कुणी हलेना. हा बिचारा तिथेच उभा, पाय घासत, इकडेतिकडे बघत. त्याला वाटलं, आपलं काही खरं नाही. आणि मग टाळ्या सुरू झाल्या.

क्लबवाल्यांनी त्याला तिथेच आठवड्याच्या गाण्याचं काम दिलं. दिवसा टपाल, रात्री गाणं.

आता या गोष्टीत एक समीक्षक येतो, आणि तोही संगीताचा नाही. रॉजर ईबर्ट हा शिकागो सन-टाइम्सचा चित्रपट समीक्षक. पुढे 1975 साली समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवलेला. प्राइन सांगायचा त्याप्रमाणे, ईबर्ट त्या संध्याकाळी एक सिनेमा बघायला बसला होता. पॉपकॉर्न खारट निघालं, घशाला कोरड पडली, सिनेमातही मन रमेना. तो उठला आणि बिअर प्यायला फिफ्थ पेगमध्ये शिरला. समोर एक पोस्टमन गात होता.

9 ऑक्टोबर 1970 च्या अंकात ईबर्टचा लेख छापून आला. दुसऱ्या दिवशी प्राइन चोवीस वर्षांचा होणार होता. वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल आलेला हा पहिला मजकूर. ईबर्टने लिहिलं की हा माणूस मंचावर इतक्या संकोचाने येतो, जणू पाठमोरा चालत प्रकाशात शिरतोय. हळू आवाजात गातो. गिटार बरी वाजवतो, पण मिरवत नाही. एक-दोन गाणी झाली की खोलीतले प्यायलेले लोकसुद्धा शब्दांकडे कान देतात, आणि त्यानंतर तुमची सुटका नाही.

हा लेख मी कितीदा वाचला असेल याची गणती नाही. त्यात विशेषणांची आतषबाजी नाही. एका अनोळखी गायकासमोर बसून, त्याची दखल घेतली नसती तरी कुणी विचारलं नसतं अशा वेळी, एका माणसाने काय बघितलं आणि काय ऐकलं, एवढंच त्यात आहे. गाण्यांतल्या ओळी आहेत. स्तुती कशी करावी, याचा हा माझ्या लेखी वस्तुपाठ आहे. लेख आला, आणि फिफ्थ पेगमध्ये बसायला जागा मिळेना.

[दृश्य: जुन्या इमारतीचं मागचं दार. जाळीपलीकडे एक रिकामी खुर्ची.]

ईबर्टने ऐकलं तरी काय?

'हॅलो इन देअर' हे गाणं घ्या. शहरातल्या एका घरात एक म्हातारं जोडपं. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेलेली. एक मुलगा कोरियाच्या युद्धात गेला तो गेलाच. बायको, लोरेटा, मागच्या दाराच्या जाळीतून बाहेर बघत बसते. नवऱ्याच्या मनात येतं, कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, रूडीला, एक फोन लावावा. पण तो विचारणार, काय रे, काय विशेष? आणि सांगण्यासारखं तर काहीच नाही.

बस. फोन लावला की नाही, हेही गाण्यात नाही. म्हातारपण दुःखाचं असतं असं प्राइन कुठे म्हणत नाही. विशेष काही नाही, एवढं एकच उत्तर तो त्या माणसाच्या तोंडी ठेवतो, आणि आपल्याला आपल्या घरातला कुणीतरी आठवतो. हे लिहिणारा मुलगा तेव्हा ऐन विशीत होता.

लहानपणी तो मित्राबरोबर एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रं टाकायला जायचा. वर्तमानपत्र, मग टपाल. दुसऱ्याच्या दारापर्यंत जायचं, अर्ध्या मिनिटापुरतं आत बघायचं, पुढे निघायचं. मला वाटतं त्याच्या गाण्यांची लांबी-रुंदीही तेवढीच आहे. उंबऱ्यावरून जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो, पण ते इतकं नेमकं सांगतो की घराच्या आतलं सगळं कळतं.

'सॅम स्टोन'मध्ये युद्धावरून परतलेला सैनिक आहे, गुडघ्यातल्या जखमेसाठी घेतलेलं मॉर्फिन सुटत नाही असा. व्हिएतनामवर निषेधाची गाणी तेव्हा ढिगाने येत होती. प्राइनने सरकारला एक शब्दही सुनावला नाही. घरातली लेकरं बापाकडे कशी बघतात, तेवढं गायलं.

आणि 'एंजल फ्रॉम माँटगोमेरी'. एक तरुण पोस्टमन पहिल्याच ओळीत सांगतो की मी एक म्हातारी बाई आहे. मनात आलेलं चित्र एवढंच होतं, असं तो म्हणायचा: भांडी घासता घासता, हाताला साबणाचा फेस तसाच असताना, सगळं टाकून निघून जावंसं वाटणारी बाई. वयाने कदाचित म्हातारी नसेलही, पण तिला तसं वाटतंय. अमेरिकन गायिका बॉनी रेटने 1974 साली हे गाणं गायलं आणि ते जगभर गेलं.

[दृश्य: पश्चिम केंटकी. ग्रीन नदीचा काठ. दूरवर वीजकेंद्राचे मनोरे.]

इथे पॅरडाइज नावाचं गाव होतं. प्राइनच्या आई-वडिलांचं गाव. वरची माती खरवडून कोळसा काढण्याच्या खाणींनी आसपासची जमीन उलटीपालटी केली. जवळ औष्णिक वीजकेंद्र आलं, त्याची राख घरांवर पडू लागली, आणि 1967 साली उरलंसुरलं गाव सरकारी वीज प्राधिकरणाने विकत घेऊन पाडून टाकलं.

सुटीला वडिलांचा हात धरून जिथे जायचं ते गाव आता नाही, म्हणून प्राइनने वडिलांसाठी 'पॅरडाइज' लिहिलं. गाण्यात मूल विचारतं, बाबा, मला गावी नेता का? आणि बाप म्हणतो, बाळा, उशीर झाला, ते गाव कोळशाच्या गाडीतून गेलं. कोळसा कंपनीचं नावही गाण्यात आहे.

पहिली रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच, 1971 साली, वडील वारले. पण त्याआधी प्राइनने त्यांना टेप आणून ऐकवली होती. हे गाणं लागलं तेव्हा वडील उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, असं विचारलं तर म्हणाले, लांबून ज्यूकबॉक्सवर, नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर, लागल्यासारखं ऐकायचं होतं.

[दृश्य: रिकामा क्लब. टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या.]

1971. क्रिस क्रिस्टोफरसन तेव्हा कंट्री संगीतातलं मोठं नाव. शिकागोत त्याच्या कार्यक्रमाआधी गाणारा स्टीव्ह गुडमन हा प्राइनचा जिवलग मित्र. स्वतःचं कौतुक झालं तर सुखावून घरी जावं, तर हा गडी म्हणाला, माझं राहू द्या, माझ्या मित्राला ऐका. असे मित्र सगळ्यांना लाभत नाहीत. रात्र उलटून गेलेली, क्लब बंद झालेला, खुर्च्या टेबलांवर चढवलेल्या. प्राइनने काही गाणी गायली. क्रिस्टोफरसनने ती सगळी पुन्हा गायला लावली, आणि आणखी असतील तीही.

पुढे न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टोफरसनने त्याला आपल्या कार्यक्रमात मंचावर उभं केलं, आणि दुसऱ्याच दिवशी अटलांटिक रेकॉर्ड्सने करार केला. पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर क्रिस्टोफरसनने लिहिलं की हा पोरगा चोवीस वर्षांचा आहे आणि दोनशे वीस वर्षांचा असल्यासारखा लिहितो.

समीक्षकांनी ती रेकॉर्ड उचलून धरली. खप मात्र बेताचा. बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत ती 154 व्या क्रमांकाच्या वर चढली नाही. तीच रेकॉर्ड रोलिंग स्टोन मासिकाने 2020 साली आजवरच्या पाचशे श्रेष्ठ आल्बमांत 149 वी ठेवली. मोठ्या कंपन्यांसाठी त्याने सात-आठ रेकॉर्ड केल्या, बहुतेक वेळा छापून छान यायचं, आणि हिशेबाच्या वहीत कंपनीचं तोंड वाकडं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मोठ्या कंपन्यांचा नाद सोडला. व्यवस्थापक अल बनेटाला सोबत घेऊन स्वतःची कंपनी काढली, ओह बॉय रेकॉर्ड्स. भांडवल कुठलं? चाहत्यांनी न निघालेल्या रेकॉर्डसाठी आगाऊ चेक धाडले. पाकिटांत घालून, तिकीट लावून, टपालाने. पोस्टमनची नोकरी सोडलेल्या माणसाची कंपनी टपालाच्या थैलीतून उभी राहिली. 'एमलेस लव्ह' ही रेकॉर्ड 1984 साली अशी निघाली. कलाकाराने स्वतःच्या मालकीची कंपनी काढणं आज सर्रास चालतं. तेव्हा लोकांना तो वेडेपणा वाटायचा.

याच कंपनीने काढलेल्या 'द मिसिंग इयर्स'ला ग्रॅमी मिळालं, 2005 सालच्या 'फेअर अँड स्क्वेअर'लाही. त्याच वर्षी अमेरिकेचा तेव्हाचा राजकवी टेड कूसर याने त्याला वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बोलावलं. कूसरने स्वतः उभं आयुष्य विमा कंपनीत नोकरी करत कविता लिहिल्या. कामावर जाता-येता लिहिणारे दोघे, देशाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयात समोरासमोर. ते पुस्तकं नसलेलं वाचनालय इथवर येऊन पोचलं होतं.

2009 साली बॉब डिलनला आवडते गीतकार विचारले, तेव्हा त्याने प्राइनचं नाव घेतलं आणि त्याच्या गाण्यांचं नातं थेट फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तशी जोडलं. डिलनचा शब्द मोठाच. पण मला विचाराल तर प्राइनला ओळखायला ईबर्टचं ते पाठमोरं प्रकाशात शिरणं जास्त उपयोगी पडतं.

[दृश्य: माइकसमोर पिकल्या केसांचा प्राइन. मानेची उजवी बाजू.]

1998 साली मानेत कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत मानेचा मोठा भाग काढावा लागला, मग किरणोपचार. आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. जुनी गाणी खालच्या पट्टीत बसवावी लागली. त्याला ती त्या पट्टीत जास्त आवडू लागली. पहिल्या रेकॉर्डवरचं 'हॅलो इन देअर' ऐका आणि मग सत्तरीतल्या प्राइनचं ऐका. विशीतल्या मुलाने जे अंदाजाने लिहिलं होतं, तिथे आता तो माणूस स्वतः बसलेला आहे.

2013 साली फुप्फुसाचा कर्करोग. तरीही 2018 साली 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस' आली. बायको फिओना आणि मुलाने त्याला अर्धवट ओळींच्या खोक्यांसकट हॉटेलात नेऊन बसवलं, की आता लिही. ती रेकॉर्ड बिलबोर्डच्या यादीत थेट पाचव्या क्रमांकावर उतरली. उभ्या हयातीत त्याला मिळालेली सर्वांत वरची जागा, आणि तीही स्वतःच्या कंपनीच्या नावावर.

7 एप्रिल 2020 रोजी नॅशव्हिलच्या रुग्णालयात कोविडने तो गेला. त्र्याहत्तर वर्षांचा होता.

[दृश्य: ग्रीन नदीचं पाणी.]

त्या शेवटच्या रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं स्वर्गात गेल्यावर काय करणार याचं आहे. डॉक्टरांनी सोडायला लावलेली सिगारेट तिथे तो ओढणार आहे, नऊ मैल लांबीची. गेलेल्या आप्तांना भेटणार आहे. आणि एक नाइटक्लब उघडणार आहे, जिथे आजवर ज्यांनी ज्यांनी दुखावलं त्या सगळ्यांना माफी. काही निवडक समीक्षकांनाही बोलावणं आहे. आधी त्यांना एक सणसणीत शिवी, मग आयरिश बिअरचा ग्लास, त्याच्याकडून.

ईबर्ट सात वर्षं आधी, 2013 च्या एप्रिलमध्ये, पुढे गेला होता.