बायोडाटा कुठवर गेला?

रामकुंडावर सकाळची गर्दी बहुतेक बाहेरगावच्यांची. कोणी अस्थी घेऊन आलेलं, कोणी दशक्रियेला. क्षेत्रोपाध्ये गुरुजी आधी विचारतात, "मूळ गाव कोणतं? आडनाव?" मग त्या गावाची वही निघते. नामावळी. पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, भाऊ किती, मुलं किती; खाली त्यांची सही, कधी मोडीत, कधी थरथरत्या देवनागरीत. पंचवटीतल्या घरांनी या वह्या पिढ्यान् पिढ्या जपल्या आहेत. घरचं माणूस आलं की वही उघडते. आम्ही शूटिंगसाठी मागितली, तर गुरुजींनी कॅमेरा बंद करायला लावला. बरोबरच केलं त्यांनी.

नाव, वाडवडील, गाव, कूळ. हीच माहिती आज नाशिकमध्ये दुसऱ्या एका कागदावरून फिरते आहे: लग्नाच्या बायोडाटावरून.

(पडद्यावर बायोडाटा, मजकूर धूसर केलेला)

वर गणपती. खाली मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, रक्तगट, गोत्र, देवक. शिक्षण, कंपनी, पगार. मामांचं कूळ. घराचा पत्ता, बिल्डिंगच्या नावासकट. शेवटी मोबाईल नंबर आणि साडीतला फोटो.

गंगापूर रोडला राहणारी ही मुलगी. तिचा चेहरा दाखवणार नाही, नावही सांगणार नाही. वडिलांनी पीडीएफ आत्याला पाठवली, आत्याने समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकली. तिथून पुढे ती कुठे कुठे गेली, हे घरात कोणालाच माहीत नाही. साखरपुडा झाला, लग्नही झालं. फोन अजून येतात. "स्थळाबद्दल बोलायचं होतं," रात्री अकराला. एक जण तर ऑफिसखाली येऊन उभा राहिला. कंपनीचं नाव कागदावर होतंच.

वडिलांचा यात काही वाईट हेतू होता का? मुळीच नाही. चार लोकांच्या कानावर घातल्याशिवाय स्थळं येत नाहीत, हे पूर्वीही खरंच होतं. पण तेव्हा मध्यस्थ असायचा. त्याला दोन्ही घरं ठाऊक असत. कोणाला काय सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला कळे. ग्रुपवर तो माणूसच नाही. आपण हे गमावलं, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. मात्र माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो लागू होत नाही. कोणी घरगुती कारणासाठी माहिती हाताळली, तर त्यालाही नाही. म्हणजे आत्याला जाब विचारायला कायदा येणार नाही. ही राखण घरातच करावी लागेल.

"यात लपवण्यासारखं काय आहे?" असं लगेच विचारलं जातं. लपवण्यासारखं काहीच नाही. पण आपण कुठे राहतो, हे कोणाला कळावं आणि कोणाला नाही, ते त्या मुलीने ठरवायचं. कुणा अनोळखी अ‍ॅडमिनने नाही.

(घरातलं डायनिंग टेबल, लॅपटॉप)

आता धाकट्या बहिणीसाठी बघताहेत. नवा बायोडाटा तयार होतोय, आणि थोरली एकेक ओळ खोडते आहे. जन्मवेळ काढली, पत्रिका बघायची असेल त्यांना वेगळी सांगता येईल. पत्त्याच्या जागी नुसतं 'नाशिक'. कंपनी गेली, पगार गेला. नंबर फक्त मामांचा. फोनवर माणूस कसा वाटतो, ते मामा बघतील. आईला धास्ती, "एवढ्यावर कोण विचारील गं?"

फोटोवर मात्र अजून एकमत नाही. वडील म्हणतात, फोटो नसला तर कोणी फोनच करत नाही. धाकटी म्हणते, "बोलणं होऊ द्या, बाबा. मग ज्यांना पाठवायचा त्यांना मीच पाठवीन."