पांढरा कुठं थांबला?

[कोल्हापूर. राजारामपुरी. पहिल्या मजल्यावर जाणारा अरुंद जिना. वरून आवाज.]

या जिन्याखाली संध्याकाळी सातच्या सुमाराला उभं राहिलात, तर वरून अधूनमधून एक आवाज येतो. फरशीवर कुणी गोट्यांची पिशवी उपडी केल्यासारखा. हा ब्रेक. मांडून ठेवलेले बॉल एका दणक्यात फुटल्याचा आवाज.

वर चार टेबलं. दोन स्नूकरची, बारा फुटी. दोन पूलची, नऊ फुटी. टेबल तासावर मिळतं, आणि हरेल त्यानं बिल भरायचं हा इथला कायदा. निळ्या चॉकची पूड पोरांच्या अंगठ्याला, खिशाला, एकाच्या तर नाकालाही लागली आहे. भिंतीवरच्या टीव्हीवर परदेशातली पूलची मॅच चालू आहे, आवाज बंद करून. पूलवर जीव टाकणारी आठ-नऊ पोरं खोलीत आहेत, आणि टीव्हीकडे एकही बघत नाही.

मालकांना विचारलं, मग लावलाय कशाला? म्हणाले, "असंच. जरा वातावरण वाटतंय."

[गंगावेस. दूध कट्टा. रात्र.]

हे कोल्हापुरात घडावं, याचं नवल वाटतं. या गावाला बघायचा नाद आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार काढतात, तीही पन्नास माणसं उभं राहून बघतात. पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. ऑगस्ट 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा होता. पन्नास मीटर रायफल. पडद्यावर दिसणार काय, तर न हलणारा माणूस आणि कागदावर पडावा तसा एकेक ठिपका. तरी आख्खा जिल्हा श्वास रोखून ते ठिपके मोजत होता. कांस्यपदक आलं तेव्हा ज्यांना रायफल कुठून धरतात तेही माहीत नव्हतं, ते दशांशाचा हिशेब सांगत होते.

म्हणजे हालचाल नसली तरी आम्हाला चालतं. मग पूलचं घोडं अडतं कुठं?

[परत वर. टीव्हीखाली बाकड्यावर एक आजोबा.]

हे आबा. उद्यमनगरात उभी हयात लेथवर गेली. नातू इथं खेळतो, त्याला न्यायला येतात आणि तासभर बसतात. स्वतः कॅरमचे पट्टीचे खेळाडू. गल्लीत अजूनही त्यांच्यासमोर बसायला पोरं कचरतात. टीव्हीकडे हात करून म्हणाले, "ह्यात बघायचं काय? बॉल भोकाच्या तोंडाला, आन् ह्यो पाडतोय. आमच्या कॅरमला ह्याच्या चौपट अवघड कट असतोय."

पोरं हसली. मला मात्र वाटलं, आबांनी दुखणं नेमकं दाखवलं. पूलचा खेळाडू जितका मोठा, तितका त्याचा प्रत्येक शॉट सोपा दिसतो. कारण तो स्वतःला अवघड शॉट येऊच देत नाही. नवशिक्याची मॅच बघताना हसायला तरी येतं. अव्वल खेळाडूची मॅच अनोळखी माणसाला पोस्टात शिक्के मारल्यासारखी वाटते. हा पडला, तो पडला, पुढचा.

तेवढ्यात आबांचा नातू क्यू, म्हणजे खेळायची काठी, भिंतीला टेकवून आला. "आबा, तुम्ही भोकाकडं बघताय. भोकाकडं बघूच नका. पांढरा कुठं थांबतोय ते बघा."

[कॅरमबोर्ड. बेसलाइनवर स्ट्रायकर ठेवणारा हात.]

आपण सगळे कॅरमवर वाढलेलो. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर उचलायचा आणि पुन्हा रेषेवर ठेवायचा. मारल्यावर तो कुठं भरकटला याचं फारसं सोयरसुतक नाही. त्यामुळं डोळ्याला सवय लागते ती खिशाकडं बघायची. पूलमध्ये पांढरा बॉल हाच स्ट्रायकर, पण त्याला हात लावायचा नाही. जिथं थांबेल तिथून पुढचा फटका. म्हणजे पूलच्या प्रत्येक फटक्यात दोन कामं असतात. एक रंगीत बॉल पाडणं, ते टीव्हीवर दिसतं. दुसरं पांढरा हव्या त्या जागी नेऊन उभा करणं. खरा खेळ तिथं आहे, आणि कॅरम खेळलेला डोळा नेमका तिथंच बघत नाही.

आबांना लेथच्या भाषेत सांगितलं ते चटकन पटलं. स्ट्रायकर साधारण 15 ग्रॅमचा, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. तिप्पट जड असल्यामुळं तो सोंगटीला लागूनही पुढं रेटतो. पूलचे बॉल सगळे एका मापाचे, सव्वादोन इंची, आणि वजनालाही जवळपास सारखे. म्हणून पांढरा समोरच्या बॉलवर अगदी मधोमध, न गडगडता, नुसता घसरत जाऊन आदळला, तर आपली सगळी गती त्याला देऊन टाकतो आणि जागीच थिजतो. खाली मारला तर धडकून मागं येतो. वर मारला तर बॉलच्या पाठोपाठ जातो. डाव्या-उजव्या अंगाला मारला तर कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, लागल्यावर दिशा बदलतो. क्यूचं टोक जेमतेम 13 मिलिमीटरचं. तेवढ्यात हे सगळं बसवायचं.

[टीव्हीवरची मॅच. टेबल वरून दिसतंय. तीन बॉल उरलेत.]

आता तीच मॅच परत बघू. पूलचाच एक प्रकार, नाइन-बॉल, चालू आहे. टेबलावर एक ते नऊ नंबरचे बॉल असतात आणि दरवेळी पांढरा सर्वांत लहान नंबरच्या बॉलला आधी लागलाच पाहिजे. नाही लागला तर फाउल, आणि समोरचा पांढरा उचलून हवा तिथं ठेवणार.

उरलेत सात, आठ, नऊ. सात कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर. डोळे मिटून जाईल. आठ पार दुसऱ्या टोकाला, कुशनला अंग घासून. नऊ मधल्या पॉकेटजवळ. खेळाडू सातकडं ढुंकूनही बघत नाही. टेबलाला वळसा घालून आठजवळ जातो, वाकतो, एक डोळा बारीक करतो. मग नऊकडं नजर टाकतो. परत येतो. क्यूला चॉक लावतो, पुन्हा लावतो. आणि सात हलकेच पाडतो.

सात पडल्यावर आपण सगळे मान वळवतो. चुकतं ते इथं. पांढरा अजून चालतोय. एक कुशन. दुसरं कुशन. नऊच्या अंगावरून जातो, दोन बोटं मोकळी सोडून. वेग मंदावतो. थांबतो. आणखी चार बोटं पुढं गेला असता, तर आठ नऊच्या आड गेला असता आणि हातातली रॅक, म्हणजे हा डाव, समोरच्याच्या पदरात पडली असती. तो थांबला तिथून आठ सरळ दिसतोय, आणि आठ पाडून नऊवर यायची वाटही मोकळी आहे.

आबा पहिल्यांदाच पुढं सरकून बसले. "परत दाव जरा."

[खासबाग मैदान. वरच्या पायरीवरून हौद्याकडं.]

कोल्हापूरकराला हे कळायला वेळ लागू नये, कारण कुस्ती आपण अशीच बघतो. दोन मल्ल पाच-पाच मिनिटं खडाखडी करत उभे असतात. बाहेरचा माणूस जांभई देतो. शेजारचा म्हातारा पुटपुटतो, "डावा पाय पुढं आला त्याचा. आता पट निघतोय." आणि तो डाव निघतो. त्याला पुढचं आधी दिसलेलं असतं, त्याची मजा त्यात.

दुसरी गोष्ट, हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, दिसण्याची. शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान 1912 मध्ये खुलं झालं. बशीसारखा उतार, मध्ये हौदा. कुठंही बसा, मल्ल दिसणारच. पूलचं टेबल याच्या नेमकं उलट. कमरेइतक्या उंचीवर आडवा पडलेला हिरवा किंवा निळा कपडा, त्यावर लिंबाएवढे बॉल, आणि वर वाकलेला खेळाडू, तोही बऱ्याचदा तुमच्याकडं पाठ करून. तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसलेल्याला दिसतं काय, तर शर्टावरची जाहिरात. म्हणून हा खेळ समोर बसून बघण्यापेक्षा पडद्यावर जास्त चांगला दिसतो, असं माझं मत आहे. वरून टांगलेला कॅमेरा खासबागेच्या उताराचं काम करतो.

निकालाचंही तसंच. आपल्याकडं निकाली कुस्तीला मान. गुणांवर सुटलेली कुस्ती लोक मनातून मोजत नाहीत. नाइन-बॉल निकालीच आहे. पहिले आठ कुणी पाडले त्याला काडीची किंमत नाही. नियमात बसवून नऊ पाडला, की रॅक त्याची.

संथपणाची तक्रार तर मी ऐकूनच घेणार नाही. पूलचंच भावंड असलेल्या स्नूकरची 1985 ची जागतिक स्पर्धा. अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस आठ-शून्यनं पुढं. डेनिस टेलर, नाकावर भलामोठा चष्मा, झुंजत 17-17 वर आला. शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव, 68 मिनिटं चालली आणि शेवटच्या काळ्या बॉलवर टेलर जिंकला. तेव्हा ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि 1 कोटी 85 लाख लोक जागे राहून ते बघत होते. त्यातल्या कितीजणांनी आयुष्यात क्यू हातात धरला असेल?

[रिकामी खुर्ची. शेजारी पाण्याची बाटली, टॉवेल.]

पूलचा खरा दोष या खुर्चीत आहे. एक खेळाडू लयीत आला की दुसऱ्याला उठायचं कामच नाही. अमेरिकेच्या विली मॉस्कोनीनं 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डला एका प्रदर्शनी सामन्यात न चुकता सलग 526 बॉल पाडले. 2022 मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉनं 714 पाडून तो आकडाही मागं टाकला. पराक्रमच. पण 714 बॉल बसून बघायला मला सांगाल तर मी दोनशेव्या बॉलला मिसळ खायला जाईन. कुस्तीत खालचा मल्ल निदान धडपडतो. पूलमध्ये तो टॉवेलानं क्यू पुसत बसतो.

रंग चढतो तो अडचण आली की. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांना लोक जादूगार म्हणतात ते त्यासाठीच. लहानपणी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढलेला हा माणूस. टोपणनाव 'बाटा', त्यांच्या भाषेत पोरगं. चपलांच्या गावात ऐकून जरा हसू येतं, इलाज नाही. समोरच्यानं पांढरा असा दडवावा की हव्या त्या बॉलकडं सरळ वाटच राहू नये, आणि रेयेसनी दोन-तीन कुशन फिरवून मागच्या दारानं तो गाठावा. 1996 मध्ये हाँगकाँगला अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलँडशी आधी 120 रॅक कोण जिंकतो अशी शर्यत झाली. अनेक दिवस चालली. रेयेस 120-117 नं जिंकले. एवढ्या लांबच्या प्रवासात फरक तीन रॅकचा.

दुसरा उपाय म्हणजे पेठ. माणूस खेळापेक्षा आपल्या बाजूकडं बघायला जातो, हे आम्हाला फुटबॉलनं शिकवलंय. 1994 पासून होणाऱ्या मॉस्कोनी कपमध्ये युरोप एकीकडं, अमेरिका दुसरीकडं. फटक्याला वेळेचं बंधन. घड्याळ टिकटिकतंय आणि प्रेक्षक गाणी म्हणतायत, आरोळ्या ठोकतायत. स्नूकरवाल्यांनी कानात बोटं घालावीत असा दंगा. नाव मात्र त्याच मॉस्कोनींचं, ज्यांचा 526 चा खेळ आज कुणी सलग बघणार नाही.

आपल्याकडं या खेळाचं नातं काही परकं नाही. स्नूकर जन्मलं 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत. 1958 मध्ये हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्याचे. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्याचा. अडलंय कुठं, तर सांगणाऱ्यापाशी. समालोचक तोंड उघडतो बॉल पडल्यावर. "सुंदर शॉट." अरे बाबा, ते आम्हाला दिसलं की! कुस्तीच्या मैदानातला निवेदक पट निघायच्या आधी सांगतो, पुढं हलगी घुमते आणि मान आपोआप हौद्याकडं वळते. पूलला तसा एक गडी मिळाला पाहिजे. फटक्याआधी सांगणारा.

[रात्रीचे साडेनऊ. शेवटचं टेबल. नातू वाकलाय. आबा टेबलाच्या कडेला उभे.]

पाच नंबर उरलाय, मग सहा. आबांनी टेबलाला हात न लावता कपड्यावर एका जागी बोट रोखलं. "पांढरा हितं आला पायजे."

नातवानं मान वर केली नाही. "येतोय बघा."

पाच गेला. कुणी तिकडं बघितलं नाही. पांढरा वरच्या कुशनला लागला, वळला, आबांच्या बोटाकडं सरकत आला. कपड्यावरचा त्याचा आवाजही ऐकू येत होता. थांबला.

"हातभर कमी," आबा म्हणाले. "दाबून मारायला पायजे हुतास." मग मालकांकडं वळून, "तासाला किती घेताय ओ?"