बुश फिरत नाही, पीळ खातो

(दृश्य: गॅरेजमधला खड्डा. वर एक छोटी हॅचबॅक. कॅमेरा खालून चाकाकडे बघतो.)

दिवाळीच्या तोंडावर गॅरेजात गर्दी असते ती पावसाळा अंगावर काढून आलेल्या गाड्यांची. तक्रार बहुतेक एकच: "पुढून आवाज येतोय." आवाज म्हटलं की आपला संशय आधी शॉकअपवर जातो. कधी तो खराही ठरतो. पण खड्ड्यात उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर चाकामागे एक लोखंडी आर्म दिसतो, लोअर आर्म. त्याचं एक टोक बॉल जॉइंटने चाकाकडे जोडलेलं, दुसऱ्या बाजूची दोन टोकं सबफ्रेमला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला. या दोन टोकांत जे काळं रबर बसलंय, तो बुश.

(दृश्य: करवतीने मधोमध कापलेला बुश, हातात.)

कापून पाहिला की त्याची रचना कळते. बाहेर पोलादी नळी, आत आणखी एक पोलादी नळी आणि दोन्हींच्या मधे रबर. हे रबर नुसतं ठासून भरलेलं नसतं. साच्यात, उष्णतेखाली ते व्हल्कनाइझ (म्हणजे पक्कं) होत असतानाच धातूला कायमचं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्ममध्ये प्रेसने बसते. आतली नळी बोल्ट आवळला की सबफ्रेमशी जखडली जाते. मग चाक वर-खाली होताना फिरतं काय? काहीच नाही. रबर पीळ खातं आणि आर्म जागेवर आला की तो पीळ सोडतं. बुशचं सगळं आयुष्य हेच.

म्हणूनच त्याला ग्रीस लागत नाही. 2014 पर्यंत उत्तरपाड्याला बनत राहिलेली ॲम्बेसेडर ज्यांनी वापरली, त्यांना ग्रीस गन घेऊन एकेक निपल (ग्रीस भरायचं तोंड) हुडकणं आठवत असेल. तिथे धातूवर धातू फिरायचा. रबराने ती कटकट मिटवली, पण हाताची सवय गेली नाही. कुरकुरणाऱ्या बुशवर आजही ग्रीस चोपडलं जातं, नाहीतर जुनं ऑइल मारलं जातं. नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. आवाज थोडे दिवस बंद होतो, बुश मात्र कायमचा बाद होतो. कुरकुर नेमकी कुठून येते हे शोधायचं असेल, तर साबणाचं पाणी मारून पाहा. आवाज थांबला तर जागा सापडली.

(दृश्य: टेबलावर सुटा केलेला आर्म. दोन्ही बुश जवळून.)

आता हे दोन बुश शेजारी ठेवून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत समोरचा लहान आणि कडक असतो, मागचा मोठा, आणि त्याच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या. चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की ते किंचित मागे सरकतं, मागचा मऊ बुश तो धक्का गिळतो. वळणावर आडवा जोर येतो, तेव्हा समोरचा कडक बुश चाकाला हलू देत नाही. मऊपणा कुठे आणि कोणत्या दिशेने, हे कंपनीने मोजून ठरवलेलं असतं. 1977 साली आलेल्या पोर्शे 928 च्या मागच्या ॲक्सलमध्ये तर ब्रेक लागताना किंवा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला की चाकं किंचित आतल्या बाजूला वळावीत, अशीच मांडणी केली होती. म्हणजे रबर तिथे स्टिअरिंगला हातभार लावत होतं.

तेच रबर फाटलं की हा हिशोब बिघडतो. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. टायर एका कडेने झिजतो. आणि आवाज. बारीक खडीवरून जाताना सतत खडखड होत असेल, तर आधी लिंक रॉड बघा, वळणावर गाडीचा झोल आवरणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी सळई. बुशचा आवाज वेगळा: ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना एकदाच, दबका "धप्". आर्म मागे-पुढे सरकून आपटतो तो हा.

(दृश्य: टॉमी, म्हणजे छोटी पहार, लावून आर्म हलवला जातो.)

खात्री करायला मिस्त्री आर्म आणि सबफ्रेमच्या मधे टॉमी घालून हलकं उचकटतो. रबर थोडं दबणारच, ते त्याचं कामच आहे. वरवरच्या बारीक चिरांनाही घाबरायचं कारण नाही. हवेतल्या ओझोनने रबराला त्या पडतात. रबर नळीपासून सुटलेलं दिसलं किंवा आतली नळी एका बाजूला कललेली दिसली, तर मात्र बुश संपला. काही गाड्यांत द्रव भरलेले बुश असतात. ते फुटले की खाली ओला काळपट डाग दिसतो.

बदलताना डावा-उजवा दोन्ही बदलावेत. पोकळ्या असलेला बुश कोणत्याही कोनात ठोकून चालत नाही, म्हणून काढण्याआधी जुन्याची दिशा आर्मवर खुणेने लिहून ठेवायची.

(दृश्य: लिफ्टवरची गाडी, चाकं खाली लोंबलेली. पाना बोल्टवर.)

आणि इथे, शेवटच्या बोल्टपाशी, चांगलं झालेलं काम वाया जातं. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर आहे, चाकं लोंबतायत, आर्म पूर्ण खाली झुकलेला. अशा स्थितीत बोल्ट आवळला, तर आतली नळी त्याच कोनात जखडते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबराला उभ्याउभ्याच पीळ बसतो. गाडी रात्रभर पार्किंगमध्ये असली तरी बुश ताणलेलाच. वर खड्ड्यांचा पीळ आणखी वेगळा. नवा बुश वर्षभरात फाटतो आणि दोष जातो डुप्लिकेट पार्टवर.

उपाय साधा आहे. लिफ्टवर बोल्ट नुसते हाताने लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळायचे. या कामाला जुन्या गॅरेजचा खड्डा नव्या लिफ्टपेक्षा सरस, कारण गाडी तिथे चाकांवरच उभी असते. खड्डा नसेल तर आर्मखाली जॅक लावून तो रोजच्या उंचीला आणायचा. मिस्त्रीला हे आधीच विचारा. चांगला मिस्त्री रागावत नाही.

पॉलीयुरेथेनच्या बुशबद्दल हमखास विचारलं जातं. ते टिकतात, तेलाला दाद देत नाहीत. पण त्यांतले बहुतेक धातूला चिकटवलेले नसतात. आतली नळी त्यांच्यात फिरते, म्हणून सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि कडकपणामुळे रस्त्याची प्रत्येक खरखर केबिनमध्ये येते. शर्यतीच्या गाडीत ठीक. घरच्यांना घेऊन कोकणात उतरणाऱ्या गाडीत आम्ही तरी ते बसवणार नाही.

(दृश्य: अलाइनमेंट मशीनवर गाडी.)

बुश बदलल्यावर अलाइनमेंट करायचीच. आर्म सुटून पुन्हा बसला की चाकाचा कोन पूर्वीचा राहील याची खात्री नसते. अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी चाकांवरच उभी असते. बोल्ट आवळायचे राहिले असतील तर ते आधी तिथे आवळून घ्या, मग कोन मोजायला लावा. उलट क्रमाने केलं, तर मोजणी पुन्हा करावी लागेल.