माहेरी जाताना फाईल कुणाकडे?

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपल्याकडची रीत मोडा असे सांगायला मी येथे उभी नाही, कारण आईच्या घरी मिळणारा आराम कोणत्याही गोळीने मिळत नाही. माझी तक्रार आहे ती त्या रीतीसोबत चालत आलेल्या बेफिकिरीविषयी. सहा-सात महिने एका डॉक्टरांकडे तपासणी होते, डोहाळजेवण उरकते, मुलगी माहेरी येते आणि तिची फाईल मात्र सासरच्या कपाटातच राहते. रक्तदाब वाढण्याचा, रक्त कमी पडण्याचा, बाळ आडवे किंवा पायाळू असल्याचे स्पष्ट होण्याचा काळ नेमका हाच असतो, आणि नवे डॉक्टर तिला कोऱ्या पाटीने पाहतात.

म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे अहवाल आणि रक्तगटाचा कागद पिशवीत सर्वांत वर ठेवावा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर साधारण 28व्या आठवड्यात आणि बाळही पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचे, म्हणजे आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ न देणारे, इंजेक्शन द्यावे लागते. पहिले दिले होते की नाही, हे आठवणीवर सोडता येत नाही. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, तर सिझेरियनची आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालयच निवडले पाहिजे, मग ते घरापासून लांब का असेना. माहेरी पोहोचल्यावर त्याच आठवड्यात नव्या ठिकाणी नाव नोंदवावे. कळा सुरू झाल्यावर ओळख करून घेण्यात अर्थ नाही.

माता का दगावतात याचा विचार करताना थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी 1994 मध्ये तीन विलंब मांडले: निर्णय घेण्यातला, रुग्णालयात पोहोचण्यातला आणि तेथे उपचार मिळण्यातला. यातला पहिला विलंब आपल्या घरातच होतो. ‘बाबा शेतावरून येऊ देत’, ‘जावईबापूंना विचारू, नाहीतर ते रागावतील’, असे म्हणत दोन तास जातात; बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव एवढ्या वेळात जीव घेऊ शकतो. तेव्हा कोणत्या रुग्णालयात जायचे, सोबत कोण येईल, रक्त लागल्यास कोण देईल, हे आठव्या महिन्यातच दोन्ही घरांनी बसून ठरवावे. आणखी एक गोष्ट: सज्ञान स्त्रीच्या उपचारासाठी तिची स्वतःची सही पुरेशी असते, त्यासाठी जावयाची वाट पाहावी लागत नाही.

डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज येणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तरी सकाळ होण्याची वाट पाहू नये. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, तर ‘तिला दगदग झाली असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. सर्वांत फसवा समज बाळाच्या हालचालीविषयी आहे. दिवस भरत आले की बाळ शांत होते, असे अनुभवी बायकाही सांगतात. प्रत्यक्षात जागा कमी झाल्याने हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती मंदावता कामा नये. मंदावली असे वाटले, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

वाहनासाठी 102 आणि 108 हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे. दुर्गम आदिवासी भागात, जिथे पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही, तिथे काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे. प्रसूतीच्या काही दिवस आधीच तेथे राहायला जाता येते.

कपड्यांचे फार मनावर घेऊ नये: धुऊन उन्हात वाळवलेली सुती दुपटी, टोपडे आणि आईसाठी सैल गाऊन एवढे पुरते. बोलून ठेवायचे ते चिकाविषयी. पहिल्या तासात बाळाला आईचा चीक मिळाला पाहिजे. मध, घुटी किंवा साखरेचे पाणी नको. हा वाद प्रसूतिगृहाच्या दारात घालण्यापेक्षा, मध चाटवण्याची हौस असलेल्या आजीबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्यावे आणि त्यांच्या शंका डॉक्टरांनाच विचारू द्याव्यात.